पूररेषा, विकास आराखडा आणि आपलं घर: सांगलीत सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, तुम्ही कोण?

मी घरांचे प्लॅन काढून परवानगीच्या फायली फिरवणारा माणूस, ड्राफ्ट्समन म्हणा. पुराचा तज्ज्ञ वगैरे नाही. पण घर गावभागात, त्यामुळं २००५, २०१९ आणि २०२१ असं तीन वेळा पाणी उंबऱ्याच्या आत बघितलंय आणि उरलेली वर्षं टेबलाच्या अलीकडं बसून, पलीकडची माणसं तो पूररेषेचा नकाशा कसा बघतात ते बघितलंय. लोक तेच तेच व्हॉट्सॲपवर विचारतात, प्रत्येकाला व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे नेमकं काय?

सरासरी २५ वर्षांतनं एकदा येऊ शकेल असा पूर, किंवा नदीच्या पात्रात मावतं त्याच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त असेल ते जिथपर्यंत पसरतं ती निळी. सरासरी १०० वर्षांतनं एकदा येणारा पूर जिथपर्यंत पसरतो ती लाल. काठापासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळीपासून लालपर्यंत नियंत्रित. सिंचन खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून हे चालू आहे, २०१८ ला जलसंपदा विभागानं त्यात सुधारणा केल्या.

रेषा जलसंपदावाले आखतात. बांधकामाची परवानगी दुसरंच ऑफिस देतं. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

१०० वर्षांतनं एकदा म्हणता आणि आमच्याकडं १६ वर्षांत तीनदा आला, मग हे खोटंच की?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि विचारणाऱ्याचा राग बरोबरच असतो.

असं समजा, गणपती मंडळाच्या लकी ड्रॉच्या बरणीत १०० चिठ्ठ्या आहेत, ९९ पांढऱ्या आणि एक लाल. दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची, बघायची आणि परत बरणीत टाकायची. गंमत सगळी त्या परत टाकण्यात आहे. यंदा लाल निघाली म्हणून पुढच्या वर्षी निघणार नाही असं काही नाही, बरणीला कुठं आठवतंय मागच्या वर्षी काय निघालं होतं. म्हणून २० वर्षांचं होम लोन काढून लाल रेषेच्या अगदी कडेला घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत कधीतरी एकदा लाल चिठ्ठी निघायची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास येते. निळ्या रेषेच्या कडेला घेतलं तर ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट.

आणि तिन्ही पूर सारखे नव्हते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी २००५ ला ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

अजून एक भानगड आहे जी फारसं कुणी सांगत नाही. हा १०० वर्षांचा आकडा मागच्या नोंदींवरून काढलेला हिशोब असतो, नोंदींत दोन-तीन मोठे पूर वाढले की हिशोब बदलतो. शिवाय पाणी तेवढंच आलं तरी पातळी तेवढीच राहील असं नाही, मध्ये भराव पडले, पुलांचे जोडरस्ते उंच झाले, पात्रात झाडोरा माजला की तेच पाणी वर चढतं. रेषा जुनी असेल तर ती जुन्या नदीची रेषा आहे.

रेषेच्या आत काय चालतं, काय नाही?

२०२० च्या डिसेंबरपासून मुंबई वगैरे काही भाग सोडून राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार काठ ते निळी रेषा या पट्ट्यात बाग, पार्किंग, ओट्यांचा भाजी बाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प, पाइपलाइनी असल्या गोष्टी चालतात, नवीन घर नाही. आधीपासून परवानगी घेऊन बांधलेलं असेल तर पाटबंधारेची, म्हणजे जलसंपदाचीच, एनओसी घेऊन पुनर्बांधणी करता येते. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर म्हणजे साधारण दीड फूट वर हवं. प्लॉटचा काही भाग निळ्या रेषेत आणि काही बाहेर असेल तर आतल्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येतं तो हिस्सा, बाहेरच्या भागावर वापरायची सोय आहे.

मग घर दीड फूट वर घेतलं की झालं ना?

घर कोरडं राहील हो. पण रस्ता? जोत्याचा नियम घराला आहे, तुमच्या गल्लीला नाही. २०१९ ला पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कोरडी बसलेली कितीतरी कुटुंबं होती ज्यांना दूध, औषध, गॅस, आजारी म्हातारी माणसं सगळं बोटीच्या भरवशावर सोडावं लागलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती लोक घरांतून बाहेर पडतानाच. म्हणून मी प्लॅन काढताना आधी विचारतो, पाणी आलं तर बाहेर कुठनं पडणार? निम्मे लोक म्हणतात हे कशाला, नियमात आहे का? नियमात नाही.

ही माहिती वापरून निर्णय घेणारी माणसं कोण कोण?

एक माणूस नाही, तिथंच तर गोची आहे. पाण्याचा हिशोब जलसंपदाचा. शहराचा विकास आराखडा, म्हणजे रस्ते कुठं, घरं कुठं, मैदान कुठं ते ठरवणारा नकाशा, एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्यानुसार (१९६६) होतो, तो नगररचनावाले तयार करतात, महासभेपुढं जातो, शेवटची मंजुरी राज्य सरकारची. घराची परवानगी महापालिकेची. पूर आल्यावरचं सगळं, म्हणजे बोटी, कॅम्प, पंचनामे, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडं. त्याशिवाय ज्यांना कुणी निर्णय घेणारे म्हणत नाही पण असतात ते: बँकेचा व्हॅल्युएशनवाला, प्लॉटिंग करणारा, आणि घरातले ते मामा ज्यांनी "घे रे, एवढ्यात काय येत नाही पाणी" म्हणून इसार द्यायला लावला.

ते लोक पुराचा नकाशा खरंच बघतात का? आणि बघून करतात काय?

बघतात. सगळे म्हणतात फाइल न बघता सही मारतात, तसं माझ्या बघण्यात फार कमी आलं. पण कसं बघतात ते महत्त्वाचं.

एकच पूर पाच भाषांत बोलला जातो. धरणावरचा इंजिनीअर क्युसेक्समध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असं बोलतो. पूररेषेच्या नकाशावर समुद्रसपाटीपासूनचे मीटर असतात. कलेक्टर ऑफिस आणि पेपरवाले आयर्विनचे फूट सांगतात. आराखड्यात सर्व्हे नंबर असतात. आणि नगरसेवकाला गल्लीचं नाव लागतं, "आरवाडे प्लॉटात येतंय का नाही तेवढं सांगा." एका भाषेतून दुसरीत जाताना दरवेळी काहीतरी गळतं, आणि जे गळतं ते बहुतेक वेळा सगळ्यात कामाचं असतं: पाणी किती खोल आणि किती दिवस. रेषेत या दोन्ही गोष्टी नसतात. सहा तास फूटभर पाणी येणारं घर आणि आठवडाभर माळ्यापर्यंत बुडणारं घर दोन्ही "नियंत्रित क्षेत्रात", दोघांना नियम तोच.

मग पाणी किती खोल ते दाखवणारा नकाशा का वापरत नाहीत? तसले नकाशे करता येतात, पाण्याचं मॉडेल चालवणाऱ्याकडं खोली असतेच, रेषा त्यातूनच तर निघते. माझं मत विचाराल तर याला आळस हे कारण नाही. सही करणाऱ्याला उद्या कोर्टात उभं राहून सांगता आलं पाहिजे की मी याला हो का म्हटलं आणि शेजारच्याला नाही का म्हटलं. रेषा हे उत्तर देते, आत का बाहेर, विषय संपला. खोलीचा रंगीत नकाशा दिला की तो म्हणणार साडेतीन फूट, तुम्ही म्हणणार अडीच, आणि भांडण त्याच्या टेबलावर. त्यामुळं अंदाजाची, शक्यतेची, "साधारण इथपर्यंत" अशी सगळी माहिती टेबलावर येईस्तोवर हो-नाही झालेली असते. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच केलं असतं बहुतेक.

आता त्याचा परिणाम बघा. लाल रेषेच्या ५ फूट बाहेरचा प्लॉट एकदम "सेफ" होतो, जाहिरातीत "पूररेषेबाहेर" असं मोठ्या अक्षरात येतं. २०१९ ला पाणी रेषा बघून थांबलं नव्हतं, हे ज्यांच्या घरात आलं त्यांना माहिताय.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच: माहिती वापरली जाते ती सगळ्यात शेवटी. घराची फाइल आली, एनओसी आहे का, आहे, पुढं. पण निर्णय तर कितीतरी आधी झालेला असतो, ज्या दिवशी आराखड्यात सखल भागातून १२ मीटरचा रस्ता ओढला गेला त्या दिवशी. रस्ता आला की लाइट येते, लाइट आली की पाण्याची पाइप, मग प्लॉटिंग, मग बोअर मारून दोन खोल्या आणि मग एक दिवस तो माणूस माझ्याकडं प्लॅन घेऊन येतो आणि मी त्याला जोतं दीड फूट वर घ्या म्हणून सांगतो. तोपर्यंत बाकी सांगण्यासारखं उरलेलंच नसतं काही. पुराची माहिती पाहिजे रस्त्याची पेन्सिल फिरते तिथं, ती पोचते दाराच्या चौकटीशी.

तिसरं म्हणजे विसरणं. २०१९ च्या दिवाळीत माझ्याकडं आलेला प्रत्येक जण विचारायचा, इथं किती पाणी होतं. आता तेच लोक विचारतात, एनओसी किती दिवसात मिळेल. ऑफिसातही माणसंच बसतात, बदल्या होऊन नवीन आलेल्यानं तर ते पाणी बघितलेलंही नसतं.

नकाशावर आमचा प्लॉट रेषेला चिकटून दिसतो, आत धरायचा का बाहेर?

एकदा काय झालं, गाव सांगत नाही, एका ऑफिसात मी एका काकांचा प्लॅन घेऊन गेलो होतो. साहेबांनी पूररेषेची प्रिंट टेबलावर पसरली, कोपरे गुंडाळी होत होते म्हणून एकावर पंचिंग मशीन ठेवलं, एकावर पाण्याची बाटली. आमचा सर्व्हे नंबर सापडला, आणि लाल रेषा बरोब्बर त्याच्यावरनं गेलेली. साहेब फूटपट्टी लावून वाकून बघतात, मी बघतो, काका चष्मा पुसून बघतात. शेवटी साहेबच म्हणाले, "रेषेची आतली बाजू धरायची का बाहेरची?" सगळे हसलो, पण प्रश्न खरा होता. १:१०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर १० मीटर. काकांचं अख्खं घर रेघेच्या शाईत बुडालेलं!

तर अशा वेळी नकाशावर भांडू नका. लेव्हल काढा. सर्व्हेअरकडनं पक्क्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून, प्लॉटची लेव्हल घ्या आणि तुमच्या जागेसमोर नदीची लाल रेषा किती मीटरवर धरलीय तो आकडा मागा. दोन आकडे शेजारी ठेवले की शाईचा प्रश्न राहत नाही. इंटरनेटवरच्या मोफत उपग्रह उंचीवर मात्र विसंबू नका, त्यात ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते आणि आपल्याकडं दोन गल्ल्यांत चार फुटांचा फरक असतो.

आयर्विनला ४५ फूट म्हणजे माझ्या दारात किती?

थेट सांगता येत नाही. आयर्विनचे फूट पुलाजवळच्या पट्टीचे, तुमच्या दाराचे नाहीत. पूल १९२९ चा, त्या पट्टीवर सांगलीकराचा जीव अडकलेला असतो, पावसाळ्यात माणसं जेवणाआधी पातळी विचारतात. पण नदीला उतार असतो, वर कसबे डिग्रजला आणि खाली हरिपूरला पाण्याची उंची वेगळी, त्यात हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिकडं फुगवटा असेल, म्हणजे पाणी तुंबून मागं सरकत असेल, तर इकडचं पाणी ओसरत नाही.

कामाचा उपाय एकच, स्वतःची पट्टी बनवा. आयर्विनला अमुक फूट असताना माझ्या पायरीला पाणी लागलं, हे तीन पुरांचं आठवून लिहून काढा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इकडच्या लोकांना हे तोंडपाठ आहे, इशारा पातळीच्या आसपासच त्यांची आवराआवर सुरू होते. "कुठल्या फुटाला कुठला भाग" ही अशी यादी म्हणजे माझ्या मते सगळ्यात चांगली वापरली जाणारी पुराची माहिती, कारण ती घेणाऱ्याच्या भाषेत आहे. फक्त ती माणसं बाहेर काढायला वापरतात, आराखडा काढताना तिला कोणी टेबलावर बोलवत नाही.

आमच्याकडं नदी काठावरनं आलीच नाही, गटारातनं पाणी वर आलं. ते रेषेत धरलेलं असतं का?

छान प्रश्न. रेषा नदीच्या पुराची असते. नदी चढली की शेरीनाल्यासारखे नाले उलटे वाहायला लागतात, नदीचं पाणी मागच्या दारानं शहरात येतं. शामरावनगरकडं तर नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसानं पाणी साठून राहतं, काळी माती, सखल जमीन आणि पाणी जायला वाट नाही. म्हणजे एकाच शहरात दोन-तीन जातीचे पूर आहेत आणि नियम प्रामुख्यानं एकाच जातीला आहे. "मी लाल रेषेबाहेर आहे" म्हणणाऱ्यानं दोन पावसाळे तिथनं चिखलातून गाडी काढून बघावी.

प्लॉटवर भराव टाकून उंच केला तर?

तुमचं पाणी शेजाऱ्याकडं जातं, एवढंच. हिशोब करून दाखवतो. १० गुंठे प्लॉट, ५ फूट भराव: १०,८९० गुणिले ५, म्हणजे ५४,४५० घनफूट, साधारण ५४५ ब्रास मुरूम. तेवढी पाण्याची जागा तुम्ही भरून टाकली, लिटरमध्ये १५ लाखांच्या वर, १०,००० लिटरचे दीडशे टँकर. एकट्या प्लॉटनं कृष्णा वर चढत नाही हे खरं, पण अख्ख्या पट्ट्यात सगळेच हे करतात, शिवाय भरावानं ओघळ अडतो तो त्रास तर पहिल्याच पावसात दिसतो. जोत्याची उंची गाठायची असेल तर खांबांवर घ्या, खाली मोकळं पार्किंग ठेवा, पाणी येऊन जाऊ दे. खर्च वाढतो, नाही म्हणत नाही.

कोयना आहे, अलमट्टी आहे, पाणी नीट सोडलं तर पूरच येणार नाही, मग रेषा कशाला?

या प्रश्नावर सांगलीत लग्नं मोडतील, म्हणून जपून लिहितो.

कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), वारणेच्या धरणाची ३४.४० टीएमसी. धरणं पूर कमी करू शकतात, वेळेत जागा मोकळी ठेवली तर. पण धरणांच्या खाली जो पाऊस पडतो, कराडपासून इथपर्यंतचे ओढे-नाले, त्याला दरवाजे नाहीत. अलमट्टी हे कृष्णेवरच खाली कर्नाटकातलं धरण, त्याबद्दल २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात सांगलीच्या पुराचं खापर त्याच्यावर फोडलं नाही, अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली बांधकामं, अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. ते मान्य नसणारेही इथं भरपूर आहेत आणि त्यांचा फुगवट्याचा मुद्दा चालूच आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस, धरणातला साठा आणि विसर्ग ताजा ताजा बघून अंदाज देणारी यंत्रणा जलसंपदानं बसवलेली आहे, त्याचा उपयोग उद्या कुणाला हलवायचं हे ठरवायला. आराखडा ठरवतो की २०-२५ वर्षांनी तिथं हलवायला किती माणसं असतील. दोन्ही माहिती पाण्याचीच, पण एकीच्या भरवशावर दुसरी ढिली सोडायची सवय लागते: आता अंदाज चांगला कळतोय ना, मग बांधू दे की. आणि मग पुढच्या वेळी बोटी जास्त लागतात.

बाहेरच्या देशांत हे लोक कसं करतात?

थोडक्यात दोनच. इंग्लंडमध्ये नद्यांच्या पुरासाठी जमिनीचे शक्यतेनुसार झोन आहेत, वर्षाला १ टक्का किंवा जास्त शक्यता असेल तर झोन ३, ०.१ ते १ टक्का झोन २, त्याहून कमी झोन १. मोठं बांधकाम झोन ३ मध्ये करायचं तर आधी दाखवावं लागतं की कमी धोक्याची दुसरी जागा मिळत नाही. म्हणजे "इथं चालेल का" याच्या आधी "दुसरीकडं का नाही" हे विचारतात. आणि हे झोन काढताना बांध-भिंती नाहीतच असं धरतात. आपल्याकडं पूरसंरक्षक भिंतीची नुसती बातमी आली की भाव वाढतात.

नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ च्या पुरानंतर "नदीला जागा" म्हणून कार्यक्रम काढला, नाईमेखेन शहरासमोर बांध ३५० मीटर मागं घेतला, घरं हलवून. आपल्याकडं बांध मागं घ्या म्हटलं तर आधी विचारतील कुणाच्या रानात. तिकडंही विचारलंच होतं, वर्षानुवर्षं चर्चा चालली.

आमचं घर गुंठेवारीतलं आहे, नियमित केलं तर पुराचं टेन्शन गेलं का?

नाही हो. गुंठेवारी म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठा-गुंठा विकलेले प्लॉट, ते नियमित करायचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. दाखला मिळाला की कर्ज, खरेदी-विक्री, नळ सगळं सोपं होतं, घराची लेव्हल तीच राहते. सखल भागातल्या गुंठेवारीवाल्याला दोष देणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, त्याच्या पगारात रेषेबाहेर काय मिळत होतं? स्वस्त जागा कुठली उरते हेही आराखडाच ठरवतो, घर घेणारा ठरवत नाही.

आराखड्याचं प्रारूप आलं तर हरकत कशी घ्यायची? आमचं कोण ऐकतंय?

प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी द्यायची असते, मग नियोजन समितीपुढं सुनावणी होते. ऐकतात, पण काय ऐकतात ते सांगतो. "आमच्याकडं पूर येतो, न्याय मिळावा" असल्या चार ओळींच्या शंभर सह्या एका गठ्ठ्यात जातात. त्यापेक्षा सर्व्हे नंबर, प्रस्तावित रस्ता कुठला, तिथली जमिनीची लेव्हल, लाल रेषेची लेव्हल, २०१९ ची खूण दिसणारा फोटो आणि एक मागणी: हे आरक्षण मैदानाचं करा, किंवा हा रस्ता असाच राहिला तर त्याखाली ओढ्याला मोरी किती रुंद ते दाखवा. अशा अर्जाला नुसतं "नामंजूर" लिहिताना पेन थांबतं, मी बघितलंय. लेव्हल नसतील तर माहिती अधिकारात पूररेषेच्या नकाशाची लेव्हलसकट प्रत मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

प्लॉट बघायला चाललोय, तिथं गेल्यावर काय बघू?

झोन दाखला आणि पाटबंधारेचं पत्र तर घ्याच, एजंटनं मोबाइलवर दाखवलेला फोटो चालत नाही. मग पायी फिरा. ट्रान्सफॉर्मरचा ओटा मुद्दाम उंच बांधलाय का, जुन्या घरांना माळे आहेत का, कुंपणाच्या तारेत वर वाळलेला पाला-प्लास्टिक अडकलंय का. शेजारच्या दादांना विचारू नका, ते "काय नाही ओ, थोडंसं आलं होतं" म्हणणार, त्यांनाही जागेचा भाव सांभाळायचाय. वहिनींना विचारा. स्वयंपाकघराच्या कट्ट्यापर्यंत आलं का फळीपर्यंत, धान्याचं पिंप कुठं नेऊन ठेवलं, किती दिवसांनी परत आलात, चिखल किती दिवस काढत होतात. खोली आणि दिवस दोन्ही दोन मिनिटांत कळतं, जे रेषेवरून कधीच कळत नाही.

घराला रंग देतोय, भिंतीवरची २०१९ ची खूण पुसू का?

पुसायची असेल तर आधी मोजा. टेप फरशीपासून खुणेपर्यंत ताठ धरा, आकडा दिसेल असा फोटो काढा, दुसरा फोटो लांबून, दार-खिडकी दिसेल असा. नंतर फरशी बदलून उंच केली असेल तर किती इंचांनी तेही लिहा, हे सगळेच विसरतात आणि मग खूण खोटी पडते. आमच्या घरात तिन्ही खुणा ऑइलपेंटनं ओढल्यात, आई म्हणते पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणून तिनं त्यावर कॅलेंडर लावलंय. कॅलेंडर उचललं की दिसतात, चालतं तेवढं.